गंड कोण पाठवतं

पाणी गिळताना माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला एक उंचवटा वर सरकतो, क्षणभर थांबतो आणि परत खाली येतो. सगळा प्रवास एका सेंटिमीटरहून थोडा कमी. कोरडा आवंढा गिळला तर तो जेमतेम दिसतो. त्याला पाण्याचा मोठा घोट लागतो आणि उजेड बाजूने यावा लागतो. आमच्या घरच्या बाथरूममध्ये उजेड वरून येतो, म्हणून मी हे लॅबच्या टॉयलेटमध्ये, खिडकीकडे अर्धवट वळून बघत असे. दिवसातून दोनदा, नंतर तीनदा.

अल्ट्रासाउंडमध्ये गाठ तेवीस मिलिमीटर भरली होती. सुई घालून काढलेल्या पेशींवरून काही ठरवता आलं नव्हतं. सर्जनने जानेवारीत मला समोर बसवून शांतपणे समजावलं होतं की अशा पाच गाठींतली साधारण एक कॅन्सरची निघते, आणि ती कोणती हे गाठ बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. थायरॉइडचा डावा अर्धा भाग काढावा लागेल. आवाजाची नस त्याला चिकटून जाते. शंभरातल्या एकदोघांचा आवाज कायमचा बसतो. मी विचार करून सांगते म्हटलं. फेब्रुवारीच्या शेवटी पत्र आलं. बावीस मार्च, गुरुवार ही तारीख मला देऊ केली होती. नऊ तारखेला, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फोन करून होकार कळवायचा होता, नाहीतर ती जागा दुसऱ्या कोणाला देणार होते.

मी इंग्लंडमध्ये, रीडिंग गावातल्या एका खाजगी लॅबमध्ये पिण्याचं पाणी तपासते. पाचातला एक नमुना खराब असण्याची शक्यता आहे असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी तो तासभरही पडू दिला नसता. पण ते पत्र माझ्या बॅगेत, लॅबच्या वहीत, आठ दिवस पडून होतं आणि घरात कोणालाच माहीत नव्हतं.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी माझे सासरे सांगलीला हर्नियाच्या ऑपरेशनला दाखल झाले, उद्या-परवा घरी सोडतील म्हणाले, आणि ते घरी आले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात ऑपरेशन हा शब्द कोणी उच्चारत नाही. सासूबाई ‘ते’ म्हणतात. ‘यांच्या त्याच्या आधी’, ‘त्याच्यानंतर’. गिरीश, माझा नवरा, तेवढंही म्हणत नाही. टीव्हीवर हॉस्पिटलचा कार्यक्रम लागला की चॅनल बदलतो. जानेवारीत आई, म्हणजे सासूबाई, पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या आणि गिरीश पुन्हा जोक करायला लागला होता. त्याच महिन्यात माझी गाठ निघाली.

आणखीही एक होतं. आमची उर्वी सहा वर्षांची आहे. तिला मराठी येतं ते मी रोज मोठ्याने वाचून दाखवते म्हणून. मी कमी बोलते असं सगळे म्हणतात. मी दिवसात सर्वांत जास्त जे बोलते ते दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं असतं, आणि ते तिच्यासाठी असतं. शंभरातल्या एकदोघांचं गणित मी तिच्या पलंगाच्या कडेला बसून करत असे आणि तिथे ते सुटत नसे.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी तोरुन मान आखडून कामावर आली. ती माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. पन्नाशीची आहे, उत्तर नॉर्वेतल्या एका बेटावरची, आणि इंग्रज माणसाशी लग्न करून पंचवीस वर्षं इथे आहे. तिला डावीकडे बघायचं तर सगळं अंग वळवावं लागत होतं. काय झालं विचारलं तर म्हणाली, कोणीतरी माझ्यावर गान पाठवलाय.

चहाच्या सुट्टीत तिने नीट सांगितलं. तिच्या आजीच्या गावात अचानक काही दुखलं, कुठे सूज आली, गाईने दूध देणं बंद केलं, की म्हातारी माणसं म्हणत, हा गान. जादू जाणणारा माणूस तो दुरून सोडतो. काही गोष्टींत तो माशीच्या रूपात येतो. जादूगार त्या माश्या डबीत बाळगतो. तो अंगात शिरतो आणि तिथेच राहतो. मग तोरुन जरा ओशाळून म्हणाली की त्या गोष्टींत पाठवणारा नेहमी सामी जमातीचा असतो. म्हणजे शेजारीच राहणारा, पण ज्याची भाषा आपल्याला येत नाही असा. हे तिला मोठेपणी लक्षात आलं.

मी स्पेलिंग विचारलं. तिने नमुन्याच्या बाटलीच्या लेबलामागे चार अक्षरं लिहून दिली. शेवटी डी होता. तो लिहायचा, म्हणायचा नाही. शब्द मुळात कुठून आला ते तिला माहीत नव्हतं.

ते लेबल मी घरी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं. रोमन लिपीत तो शब्द आपल्याकडच्या एका शिवीसारखा दिसतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गिरीशच्या आलं. तो इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली.

“हे तुझं रिसर्च आहे? आईच्या हाती लागू देऊ नकोस, प्लीज.”

तोवर आई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी एकतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं आहे. चष्मा कपाळावरून खाली घेतला, लेबल हातभर लांब धरलं आणि वाचलं, “गंड. यात हसण्यासारखं काय आहे रे?”

गिरीश बाहेर निघून गेला. मी त्यांना अर्थ सांगितला. त्या खुर्ची ओढून बसल्या. आपल्याकडे गंडा बांधतात, त्या म्हणाल्या, मंतरलेला दोरा. गंडेदोरे. म्हणजे इकडे गंडा आणि तिकडे गंड, आणि दोन्ही जादूटोण्याचेच. शब्द एकच असणार. संस्कृतातून कुठून कुठे काय गेलं आहे याचा कोणाला पत्ता आहे? त्यांचे डोळे चमकत होते. सांगलीहून आल्यापासून मी त्यांना इतकं उत्सुक झालेलं बघितलं नव्हतं. मला ते पटलं नव्हतं, पण मी बघते म्हटलं. त्या रात्री पत्राचा विचार करायचा होता. मी गंडाचा केला.

तीन तारखेला, शनिवारी, सुट्टी बघून आम्ही होळी केली. आईंनी पुरणपोळ्यांचा घाट घातला आणि तोरुनला जेवायला बोलवायचं फर्मान काढलं. ती आली, दोन पोळ्या दुधात बुडवून खाल्ल्या आणि तिसरी मागितली, त्यामुळे आईंच्या लेखी तिचं सगळं म्हणणं आधीच खरं ठरलं होतं. आईंचं इंग्रजी पाठ्यपुस्तकी आहे, पण बिनचूक. त्यांनी पहिल्यांदा शेवटच्या डी-चा जाब विचारला. म्हणायचा नाही तर लिहिता कशाला? तोरुन म्हणाली, पूर्वी म्हणत असतील, नंतर आळस आला.

“लिहून ठेवलं आणि बोलायचं सोडलं,” आई मला मराठीत म्हणाल्या. “वर्गातली कार्टी अशीच.”

उर्वी पोळीचा मधला मऊ भाग तेवढा खात होती. तिने विचारलं, “पण गंड कोण पाठवते? त्याची अ‍ॅड्रेस कुठे आहे?”

“त्याचा पत्ता,” मी म्हटलं.

“त्याचा पत्ता कुठे आहे?”

तोरुनला भाषांतर करून सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तिच्या आजीला प्रत्येक वेळी पत्ता माहीत असायचा.

मग आईंना दुसरं काहीतरी सुचलं. सूज येते म्हणालीस ना, त्या म्हणाल्या. आमच्याकडे गंड म्हणजे सूज, गाठ. मानेला गाठींची माळ झाली की गंडमाळ. आणि इथे – त्यांनी स्वतःच्या गळ्याच्या खोबणीवर दोन बोटं ठेवली – इथे फुगलं की गलगंड. त्याला तुमच्यात काय म्हणतात रे गिरीश? गिरीशने गॉयटर म्हणून सांगितलं. तोरुन म्हणाली, हो, नॉर्वेच्या आतल्या दऱ्यांमध्येही पूर्वी तो असे, समुद्रापासून दूर आयोडीन मिळत नाही.

आईंची बोटं अजून गळ्यावरच होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा ग्लास उचलला होता तो तसाच खाली ठेवला.

“घरात मफलर कशाला गुंडाळलायस?”

“गार वाटतंय.”

“गार? मी घामाघूम झाले आहे.”

गिरीश लगेच उठून हीटिंगचा बॉयलर बघून आला. बावीस डिग्री, म्हणाला, कम्प्लेंट करायला जागा नाही. आई तोरुनला तूप वाढायला वळल्या. पण जेवण संपेपर्यंत मी पाणी प्याले नाही, आणि हे त्यांच्या लक्षात आलं की नाही ते मला ओळखता आलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर गिळायलाही घाबरू लागले. चहाचा कप घेऊन मी हॉलमध्ये जायची. पोळी चावत राहायची. दर काही मिनिटांनी आवंढा गिळण्याची इच्छा होते हे आपल्याला एरवी कळत नाही. लपवायचं असलं की कळतं.

बुधवारी मी अर्धी रजा टाकली. घरी सांगितलं, लायब्ररीत जाते. ते खरं होतं. लॅबपासून हॉस्पिटलही तितक्याच अंतरावर आहे. मी युनिव्हर्सिटीच्या बसमध्ये बसले.

लायब्ररीत मला एक दिवसाचा पास मिळाला. तिसऱ्या मजल्यावर नॉर्सचे, म्हणजे नॉर्वेकडच्या जुन्या भाषेचे कोश होते. मी वही उघडली, पानाच्या डाव्या बाजूला समास सोडला आणि लॅबमध्ये लिहिते तसं लिहायला लागले. शब्दाचं जुनं रूप गान्द्र. बाराव्या शतकातल्या एका लॅटिन मजकुरातही तो आहे, तिथे तो जादूगाराने पाठवलेल्या एका आत्म्यासाठी वापरला आहे. जुन्या कवितेत पृथ्वीला विळखा घालणाऱ्या सापाच्या नावात तो येतो. एका मताप्रमाणे मूळ अर्थ काठी. जादूची काठी, मग काठीतून सोडलेली गोष्ट. दुसऱ्या मताप्रमाणे त्यात श्वास, प्राण असा शब्द दडला आहे. तिसऱ्याला दोन्ही मान्य नाहीत. शेवटी लिहिलं होतं, व्युत्पत्ती अनिश्चित.

मग मी भारतीय भाषांच्या कपाटाकडे गेले. आपला गंड म्हणजे सूज, गाठ, झाडाचं पेरं. गंड्यालाही गाठी असतात. नॉर्वेच्या शब्दाशी कशाचाही संबंध नाही. ध्वनी सारखा, एवढंच. मी वहीत लिहिलं: योगायोग.

चार वाजता माझं काम झालं होतं आणि मी उठले नाही. अनिश्चित हा शब्द मी याआधी पत्रात वाचला होता. सर्जनला मी जानेवारीत एकच प्रश्न विचारला होता, की हे कशामुळे झालं. तो म्हणाला, बहुतेक वेळा सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं होतं. आयोडीन? पाणी? लॅबमधलं काही? त्याने पुन्हा तेच सांगितलं होतं, तितक्याच सौम्यपणे. सहा आठवड्यांनी मी एका परक्या भाषेतल्या शब्दाला तोच प्रश्न विचारत होते, कारण गाठीला विचारून झालं होतं. गंडाची मला भीती वाटत नव्हती. मला तो हवासा वाटत होता. तो कोणीतरी पाठवलेला असतो. मला जे झालं होतं ते कोणी पाठवलं नव्हतं, ते माझंच होतं, आणि त्याचं काय करायचं हे दुसरं कोणी ठरवणार नव्हतं.

हे कळूनही मी गुरुवारी फोन केला नाही. तीन वेळा नंबर लावला आणि पहिली रिंग वाजायच्या आत बंद केला. तिसऱ्या वेळी तोरुनने विचारलं, कोणाला फोन करतेस? मी म्हटलं, कौन्सिलला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होत्या. मी शेजारी बसून जुडी सोडली आणि त्यांना निकाल सांगितला. दोन शब्दांचा संबंध नाही. त्यांचा गंड बाहेरून येतो, आपला आतला असतो. त्या हिरमुसल्या, पण शिक्षिकेसारखं त्यांनी ते मान्य केलं. एक-दोन पुरावे विचारले. मग पुढची जुडी ओढली.

“पाठवणारा असला की बरं असतं,” त्या म्हणाल्या. “शिव्या घालता येतात.”

मी पानं खुडत राहिले.

“यांच्या वेळी मी शोधला ना. आधी तो भूल देणारा डॉक्टर. वर्षभर त्याला. मग हॉस्पिटल. आणि मग कोण उरलं? हे ते करून घ्यायला तयार नव्हते, अनुराधा. पट्टा बांधून चालवतो म्हणत होते. मी मागे लागले. गिरीशला हे माहीत नाही.”

मला वाटलं, आता त्या म्हणतील की म्हणून कधी करू नये. तसं म्हणाल्या असत्या तर मी कदाचित त्या पत्रावर वही कायमची मिटली असती. पण त्या म्हणाल्या, “परवा देशपांड्यांच्या शिल्पाला फोनवर सांगितलं, आईचा हर्निया असा ठेवू नका, करून टाका. आपण काय बोललो ते फोन ठेवल्यावर कळलं. पण चुकीचं नाही सांगितलं.” आणि काड्या गोळा करून त्या उठल्या.

त्यांना माझ्याबद्दल माहीत होतं का? तेव्हा वाटलं, हो. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की नाही.

शुक्रवारी गिरीश घरून काम करतो. पावणेआठला तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. आईंना वेल्समध्ये समुद्र दाखवायचा होता आणि एका कॉटेजमध्ये चार दिवस मिळत होते, बावीस ते पंचवीस. उर्वीची शाळा दोन दिवस बुडणार होती. ती त्यावर खूश होती. मी तिच्या डब्यात पोळीचा रोल भरत होते.

“बावीसला तुला सुट्टी मिळेल ना?” गिरीशने विचारलं. “गुरुवार आहे. हो म्हण, बुक करतो.”

मी रोल फॉइलमध्ये गुंडाळला. एक बाजू फाटली, दुसरा तुकडा घेतला.

“अरे, तिला बावीसला काहीतरी आहे,” आई तव्यावरून म्हणाल्या. “काल दुपारी फोनच्या मशिनवर निरोप होता, मी ऐकला, सांगायचंच राहिलं बघ. सर्जरीचा. बावीस तारीख म्हणाली ती बाई, आणि आज बाराच्या आत फोन कर म्हणाली.” मग हसून माझ्याकडे वळल्या. “जानेवारीत नवीन आले तेव्हा घाबरलेच होते की मी, आठवतंय? गिरीश म्हणाला आई, मी सर्जरीत जाऊन येतो, औषध घेऊन. मी म्हटलं, हे काय नवीन! इथे साध्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात हे आम्हांला सांगलीत काय माहीत. आता घाबरत नाही.”

“ओके,” गिरीश म्हणाला. “जीपीची अपॉइंटमेंट ना? किती वाजता? सकाळची असली तर तू जाऊन ये, आपण अकराला निघू. एम-फोर हायवे तेव्हा मोकळा असतो.”

त्याचं बोट माऊसवर होतं. आईंनी पोळी उलटली. कोणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. मी एवढंच म्हणायचा अवकाश होता की हो, सकाळी दहाची आहे, आणि मग बारा वाजून गेले असते. सगळं किती सोपं झालं असतं हे मला स्पष्ट दिसत होतं. चार दिवस समुद्र. एप्रिल. मग पुढची कधीतरी तारीख.

“दहाची?” गिरीशने विचारलं.

“नाही.”

“मग?”

उर्वीने तिचा डबा माझ्या हातातून ओढून घेतला आणि बूट घालायला दाराकडे गेली. मी तिची पाठ वळेपर्यंत थांबले.

“आई, गॅस बंद करा,” मी म्हटलं.

त्यांनी केला. गिरीशने लॅपटॉपवरून मान वर केली. माझा आवाज नेहमीसारखाच होता, जरा हळू, पण त्या दोघांना ऐकू जाईल इतका.

“ती दवाखान्याची अपॉइंटमेंट नाही. माझ्या गळ्यात गाठ आहे, थायरॉइडची. जानेवारीपासून मला माहीत आहे. ती काय आहे ते काढल्याशिवाय कळणार नाही. बावीसला ऑपरेशनची तारीख दिली आहे, आणि मी ते करून घेणार आहे.”